कांडी बदलण्यापुरती उसंत

मिहिकाला अंगाई लागत नसे, खटखटाट लागायचा. सकाळी नऊला तिच्या आजोबांच्या, शिवानंद दिवट्यांच्या शेडमधले चार यंत्रमाग सुरू झाले, की भिंतीपलीकडच्या खोलीत या पाच महिन्यांच्या बाईसाहेब दोन्ही मुठी सैल सोडून गाढ झोपी जायच्या. पाहुणे कानांवर हात ठेवायचे आणि ही पाळण्यात हसायची.

तिची आई मैथिली मात्र कामावर निघण्याआधी पाळण्यापाशी दोन मिनिटं तरी थांबायचीच. पोरीची छाती वरखाली होते आहे ना, ते बघायची. श्वास मोजायची. तान्ह्या बाळाचा श्वास घड्याळासारखा चालत नाही. भराभर चालतो, मध्येच क्षणभर थबकतो आणि पुन्हा सुरू होतो. डॉक्टरांनी चारदा समजावलं होतं, "अहो, तो थांबतो हेच बरोबर आहे." पण त्या क्षणभरात मैथिलीचा जीव टांगणीला लागायचा तो लागायचाच.

"जा की गं आता. मी हाय नव्हं?" गोदाक्का म्हणायची.

गोदाक्का दिवट्यांकडे गेली तीस वर्षं कांड्या भरत होती. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात जी आडव्या सुताची छोटी गुंडाळी बसते ती कांडी. ती चार-पाच मिनिटांत संपते, म्हणून कांड्या भरणारीचा हात दिवसभर रिकामा राहत नाही. मैथिलीची सासू लग्नाआधीच गेलेली, नवरा संकेत तामिळनाडूत होसूरच्या बॅटरी कारखान्यात. अशा घरात गोदाक्कानं न मागता पोरगी मांडीवर घेतली होती. मैथिली रोज मनातल्या मनात तिला हात जोडून घराबाहेर पडायची. त्या आभारापोटी एक साधा प्रश्न तिला सुचलाच नाही. कांड्या भरणाऱ्या बाईला दिवसभर पोर सांभाळायला वेळ मिळतो कसा?

त्या वर्षीची मंदी इचलकरंजीत गाजावाजा करत आली नाही. उलट आवाज कमी होत होत आली. आधी बाहेरदेशी जाणारं कापड थांबलं, मग सूत उधारीवर मिळेना, मग एकेका गल्लीतला खटखटाट विझत गेला. आदल्या वर्षी मदत म्हणून सरकारी कापडाची कामं आली होती. ती गेली ज्यांच्याकडे फॉर्म भरायला माणूस आणि फोन फिरवायला ओळख होती त्यांच्याकडे. मोठ्या शेडी तीन पाळ्यांत धावल्या आणि चार-सहा मागांवर खर्चीनं, म्हणजे दुसऱ्याच्या सुताचं कापड मजुरीवर विणून देणारी घरं तशीच बसून राहिली.

म्हणून या वर्षी 'नाडी' आली.

नाडी म्हणजे गल्लीच्या तोंडाशी विजेच्या डीपीवर बसवलेली डब्याएवढी पेटी. प्रत्येक यंत्र वीज घेतं ते आपापल्या ढंगानं. मिक्सर एकदम हिसडा मारून घेतो, फ्रिज थोड्या थोड्या वेळानं, पंखा संथपणे. सगळ्यांची वीज शेवटी एकाच तारेतून येते, पण भजनाच्या गलक्यातही तयार कानाला मृदंग वेगळा आणि टाळ वेगळा ऐकू येतो, तसं या पेटीतल्या प्रोग्रामला कळायचं की सातव्या घरातली मोटर बंद आहे आणि नवव्या घरातली चालू. फॉर्म नको, दाखला नको, कुणाची चिठ्ठी नको. ज्याचे माग सर्वांत जास्त दिवस बंद, त्याला कापडाचं काम सर्वांत आधी. कालव्याचं पाणी सोडताना शेपटाकडच्या वावराला आधी द्यायचं, नाहीतर ते तोंडाशीच मुरतं. त्यातलाच हा प्रकार.

"सरकारनं आता आमच्या लेंग्याची नाडी धरली म्हणायची," असं गल्लीतले म्हातारे म्हणाले, हसले आणि पेटीला हळदकुंकू लावून मोकळे झाले.

मैथिली सांगलीहून संख्याशास्त्रात बी.एस्सी. झालेली. सरकारच्या फेरउभारणी केंद्रात नाडीच्या नोंदी तपासायच्या कामावर ती लागली होती. स्वतःच्या गल्लीच्या नोंदी मात्र कुणी उघडायच्या नाहीत, असा तिथला नियम होता आणि तो तिला पटलेला होता.

गुरुवारी भिंतीवर कच्ची यादी लागली. दोनशे तीस घरं. पहिल्या साठ घरांना पुढच्या आठवड्यात दवाखान्यांच्या चादरींचं सूत मिळणार होतं, बाकीच्यांना जमेल तसं, सहा-आठ महिन्यांत. दिवटे दोनशे अकराव्या नंबरवर होते.

मैथिलीला हायसं वाटलं. 'म्हणजे आपल्याकडे काम आहे. आपल्याआधी ज्यांना हवं त्यांना मिळू दे,' असं म्हणत ती घरी आली, आणि दारातच तिला सासऱ्यांचा आवाज ऐकू आला. ते फोनवर बोलत होते.

"सोमवारी टेम्पो घेऊन या. चारीच्या चारी न्या... अहो, चालू आहेत म्हणून सांगतोय नव्हं. ऐका की, आवाज येतोय का?... भंगारात तर भंगारात. चालतंय."

मैथिलीच्या हातातली पिशवी तशीच राहिली. माग गेले तर या घरात राहायचं कुणासाठी? सोमवारनंतर तिनं होसूरला एका खोलीत जायचं, जिथली भाषा येत नाही, जिथं पोरीला बघायला गोदाक्का नाही. आणि मामा? तिच्या सासऱ्यांना, म्हणजे मामांना, शेडबाहेर कधी कुणी पाहिलंच नव्हतं. ते तिथं काय करणार होते, जिन्यात बसून राहणार?

शिवानंद फोन ठेवून वळले. सून दिसताच त्यांनी चेहरा सारखा केला आणि पाळण्यातून नातीला उचलून घेतलं. "काय म्हणतोय आमचा जॉबर? माग दुरुस्त करणार का?"

मैथिली बघत राहिली. काहीतरी चुकत होतं आणि काय ते कळत नव्हतं. ते तिला कळलं पोरीचं झबलं बदलताना. झबलं स्वच्छ होतं.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिला सर्वांत जास्त वैताग आला होता तो तुसाचा. माग चालला की सुताचं बारीक तूस उडतं. मामांच्या भुवयांवर, कानांवरच्या केसांवर, चहाच्या कपातसुद्धा. मिहिका जन्मली तेव्हा ती मामांना बजावायची, "आधी हात झटका, मगच घ्या हं." हे बजावणं कधी बंद झालं? दोन महिने तरी झाले असतील. मामांच्या भुवया काळ्याभोर होत्या.

ती मागच्या पडवीत गेली. गोदाक्का लसूण सोलत बसली होती. कांड्या भरायचं मशीन पोत्यानं झाकलेलं होतं.

"गोदाक्का, शेवटची कांडी कधी भरलीस?"

गोदाक्कानं मान वर केली नाही. "कशाला इचारतीस?"

"सांग ना."

"शिवाप्पांनी शपथ घातलीया मला." मग तिनंच लसणाची पाकळी ताटलीत टाकली. "नागपंचमीच्या आधी. त्यानंतर सूत आलंच न्हाई बघ घरात."

"आणि मजुरी?"

"कसली मजुरी? पोरगी मांडीवर निजती, ती काय कमी हाय? मी घरी बसून तरी काय केलो असतो?"

 दोन महिने ही बाई रोज सकाळी वेळेवर येत होती, कामाला येते आहे असं दाखवत.

ती शेडमध्ये शिरली. चारही माग चालू होते, कान फाटतील इतके. पण मागांवर ना उभ्या सुताचा ताणा होता ना कापड. धोटा इकडून तिकडे धावत होता, पोटात कांडी नसलेला. आडवं सूत नसलं की माग आपोआप थांबवणारा एक काटा असतो. चारही मागांचे काटे सुताच्या दोऱ्यानं आवळून बांधून ठेवलेले होते.

मागून हात आला आणि खटके पडले. शिवानंदांनी माग बंद केले होते.

"बघितलंस?" ते म्हणाले.

"मामा, हे कशासाठी?"

"गल्लीत पहिली शेड माझी. शेजारचा इलाही रोज माझा आवाज ऐकून आपला माग सुरू करतो. शिवाप्पाचं चालू आहे, मग आपलंही चालेल, म्हणतो. मी बंद केलं तर सगळी गल्ली बसली." ते मागाच्या लाकडावरून हात फिरवत राहिले. "सूतवाल्याचंही तसंच. बंद शेडीला कुणी दारात उभं करत नाही. चालू आहे असं दिसलं तर उद्या कुणी चार पोती देईल."

"आणि यादीत आपण दोनशे अकरावे आहोत, ते का, हे कळलं ना तुम्हाला?"

"कळलं की. उशिरा कळलं. पेटीला वाटलं, दिवट्याचं भरभरून चाललंय." ते कसनुसं हसले. "आता सोमवारी न्यायचेच आहेत. तोवर चालू दे."

"का पण? आता कुणाला दाखवायचंय?"

शिवानंदांनी भिंतीपलीकडच्या खोलीकडे मान केली. "पोरगी झोपत नाही ना त्याशिवाय," ते म्हणाले.

शेडमधल्या त्या अनोळखी शांततेत पलीकडून मिहिकाचं रडणं ऐकू आलं.

शुक्रवारी सकाळी मैथिली केंद्रात सगळ्यांच्या आधी पोचली. आपली गल्ली तिनं उघडली नाही. तपासून झालेल्या दुसऱ्या गल्ल्यांचे आलेख तिनं पुन्हा काढले आणि नुसती बघत बसली.

घरात श्वास मोजायची सवय लागलेले डोळे होते ते. तासाभरात त्यांना दिसलं.

खरोखर विणणाऱ्या मागाची रेघ सरळ नव्हती. दर चार-पाच मिनिटांनी ती खाली यायची, अर्ध्या मिनिटानं एकदम उंच उडी मारून पुन्हा पूर्ववत चालायची. कांडी संपली, माग थांबवला, नवी घातली, मोटरनं हिसडा घेतला. दिवसातून शंभरदा. आणि काही घरांच्या रेघा सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत सपाट होत्या. कुठंही थांबणं नाही. इतकं अखंड काम साध्या मागावर होऊच शकत नाही. थांबतो तो माग काम करतो आहे, आणि जो थांबतच नाही तो रिकामा आहे.

तिनं पटवेकर मॅडमना बोलावलं. नसीमा पटवेकर केंद्राच्या प्रमुख, कमी बोलणाऱ्या. त्यांनी चष्मा वर सरकवून पडद्याकडे पाहिलं.

"नाडीला शिकवलं कुठं होतं आपण?" त्यांनी स्वतःलाच विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं, "मोठ्या शेडींत. तिथली नवी यंत्रं बाजूला ठेवलेल्या मोठ्या कोनावरच्या सुतावर चालतात, कांडीच नसते. न थांबणं म्हणजे भरपूर काम, हे ती तिथं शिकली. आणि आपण तीच पेटी गल्लीत आणून बसवली." त्या खुर्चीत टेकल्या. "किती घरं?"

"मी बघितल्या त्यात बावन्न. माझी गल्ली मी उघडली नाही, मॅडम." मैथिली त्यांच्याकडे वळली. "पण तिथलं एक घर मला माहीत आहे. आमचंच."

मॅडमनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "यादी उद्या पक्की होणार. सपाट रेघ म्हणजे रिकामा माग, हे तुमचं म्हणणं मला पटतंय. पण त्या भरवशावर मी कुणाच्या दारात जाऊन 'तुम्ही खोटं चालवत होता' असं म्हणणार नाही. घराघरांतलं चव्हाट्यावर आणणार नाही असा शब्द दिलाय आपण. माणसानं स्वतः येऊन सांगितलं, तरच नंबर बदलेल. उद्या तालमीत सभा आहे."

त्या मीटिंगला गेल्या. पडदा उघडाच होता. नोंदी दुरुस्त करायचा अधिकार मैथिलीच्या लॉगिनला होता. एका घराचा एक आकडा. दोनशे अकराच्या जागी एकोणसाठ. कुणाला कळणार होतं? सोमवारचा टेम्पो परत गेला असता. तिनं माउसवर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. मग तिच्या मनात आलं, एकोणसाठावर आज कोण आहे? तिनं यादी पाहिली. 'हौसाबाई कोळेकर, माग दोन.' हौसाबाईंनी काम संपलं त्या दिवशी माग बंद केले होते आणि दाराला कुलूप लावून दुसऱ्यांच्या घरी भाकऱ्या थापायला जाऊ लागल्या होत्या. सगळ्यांच्या देखत.

मैथिलीनं पडदा बंद केला.

घरी येऊन तिनं मामांना सगळं सांगितलं, आलेख कागदावर काढून. आकडा बदलायचा मोह झाला तेही सांगितलं.

"म्हणजे मी तालमीत उभं राहून सांगायचं? गेली चाळीस वर्षं जिथं मला अण्णा म्हणतात तिथं?" शिवानंदांचा आवाज चढला. "त्यापेक्षा माग गेलेले बरे."

"बरं," मैथिली म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, ते तिनं लपवले नाहीत. "मी तुमच्यावर जोर करणार नाही, मामा. माझ्या पोरीला झोप यावी म्हणून रिकामे माग चालवणारा माणूस आहात तुम्ही. तुम्हाला मी काय सांगू?"

शिवानंद शेडमध्ये गेले. माग मात्र सुरू झाले नाहीत.

शनिवारी सकाळी तालमीत सतरंज्या टाकल्या होत्या. कोपऱ्यात कुणीतरी गदा आणि मुद्गल सरकवून जागा केली होती. मैथिली मिहिकाला घेऊन मागे गोदाक्काजवळ बसली. मामा घरातून आधीच निघाले होते, कुठं गेले ते सांगितलं नव्हतं.

पटवेकर मॅडमनी साध्या शब्दांत सांगितलं, की पेटीच्या शिकवणीत आमची चूक झाली असावी. "ज्यांना वाटतं की आपलं काम पेटीनं जास्त धरलंय, त्यांनी सांगावं. कारण विचारणार नाही."

कुणी हललं नाही. बावन्न घरांतली माणसं सतरंजीची किनार बघत होती. मिनिट गेलं. मैथिलीनं पोरीला छातीशी धरलं. मॅडम कागद आवरू लागल्या.

"थांबा," दारातून आवाज आला.

शिवानंद आत आले. खिशातून त्यांनी काहीतरी काढलं आणि टेबलावर ठेवलं. सुताच्या दोऱ्याचे चार तुकडे.

"काटे बांधले होते मी. चारी मागांचे. नागपंचमीपासून माझ्याकडे सुताचा धागा नाही. रिकामे चालवत होतो."

 मग इलाही मोमीन, गल्लीतला त्यांचा शेजारी, उठून उभा राहिला.

"अण्णा! म्हणजे दोन महिने तुम्ही मला फुकटच सकाळी उठवलंत?"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"तुझा चालू होता म्हणून तर मी चालू ठेवला!" शिवानंद म्हणाले.

"माझा कुठं चालू होता? तुमचा आवाज येतो म्हणून मीच काटा बांधला! म्हटलं, अण्णांना कळलं तर काय म्हणतील."

आता मात्र सगळी तालीम हसायला लागली. हसता हसता मागून एकजण म्हणाला, "माझाबी." कोपऱ्यातून दुसरा, "आमचे सहा." एका बाईनं नुसता हात वर केला. गल्ल्याच्या गल्ल्या एकमेकांना धीर यावा म्हणून हवा विणत बसल्या होत्या, आणि पेटीनं ती हवा कापड म्हणून मोजली होती.

पटवेकर मॅडम लिहीत होत्या. पंचावन्न, छप्पन्न. मैथिलीच्या बघण्यातून सुटलेलीही काही होती.

"मॅडम," शिवानंद परत बोलले, "एक सांगतो. हौसाबाईंसारख्यांनी लाज न बाळगता माग बंद ठेवले. त्यांचे नंबर हलवू नका. आम्हाला त्यांच्या मागं घाला. आणि कांड्या भरणाऱ्या बायकांच्या नावावर मीटर नसतो, त्या तुमच्या पेटीला दिसत नाहीत. ज्या घराला सूत जाईल, तिथं कांडीवाली कोण, तिचं नावही यादीत लिहा."

"ते कुठल्या कलमात बसतं ते बघते," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "बसवते. पहिलं नाव सांगा."

"गोदावरी मारुती सुतार."

गोदाक्कानं मिहिकाच्या टाळूवर पदर ओढला आणि त्याच पदरानं स्वतःचं नाक पुसलं. "हात्तिच्या," ती मैथिलीच्या कानात म्हणाली, "ह्यांना माझं पुरं नाव ठाव हाय व्हय!"

दिवटे चौऱ्याऐंशीव्या नंबरवर आले. पहिल्या साठात नव्हतेच ते. पण सोमवारी टेम्पो आला तेव्हा शिवानंदांनी ड्रायव्हरला चहा पाजून परत पाठवला. चौऱ्याऐंशी म्हणजे दोन महिने, आणि वाट बघणं त्यांना जमत होतं. त्या दोन महिन्यांत मैथिलीनं नाडीला नव्यानं शिकवलं, मागाचं थांबणं ओळखायला. आणि शेडमधल्या शांततेत मिहिकाला झोपवायचं काम सगळ्यांनी वाटून घेतलं. इलाहीभाई येऊन तोंडानं खटखट करून दाखवायचे. पोरगी झोपायची नाही, पण हसायची.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी सुताची पोती उतरली. गोदाक्कानं मशीनवरचं पोतं ओढून काढलं. नऊ वाजले आणि एक माग सुरू झाला. मिहिकानं मान वळवून ऐकलं. ओळख पटल्यासारख्या मुठी सैल सोडल्या, डोळे मिटले.

मैथिली पाळण्याशी उभी होती. निघायला उशीर होत होता.

आणि माग थांबला.

तिच्या छातीत धस्स झालं. नजर आधी पाळण्याकडे गेली, मग भिंतीकडे. मिहिकानं डोळे किलकिले केले. पलीकडे गोदाक्काचा आवाज आला, "हं, घ्या ही कांडी." खटका पडला, हिसडा बसला आणि खटखट, खटखट परत सुरू झाली. पोरीनं एक लांब श्वास सोडला.

मैथिलीनं डोळे मिटले. कुणाचे आभार मानायचे तेच तिला कळेना. ती पुढच्या थांब्याची वाट बघत राहिली. चार मिनिटांनी तो आला. या खेपेला तिच्या छातीत काही झालं नाही.

निघताना मामा शेडमधून बाहेर आले. भुवया पांढऱ्या, कान पांढरे. सवयीनं त्यांनी हात पुढे केले आणि तसेच मागं घेतले. "थांब, झटकतो," ते म्हणाले.

"असू द्या मामा," मैथिली म्हणाली आणि जागी झालेली मिहिका तिनं त्यांच्या हातांत दिली, तशीच, तुसासकट.